बचत गटांची ऑनलाइन विक्री आणि मालसाठ्याची मांडणी

(ग्रामीण उत्पादकांच्या कामाशी संबंध येणारे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या कोठीत पोषण आहाराचा तांदूळ येतो तेव्हा मुख्याध्यापक पोती मोजून घेतात, वहीत आवक लिहितात, रोज शिजलेल्या धान्याचा खर्च टाकतात आणि शिल्लक काढतात. ग्रामपंचायतीच्या दप्तरात उपभोग्य वस्तूंची साठा नोंदवही आणि जडवस्तू संग्रह नोंदवही अशा दोन स्वतंत्र वह्या असतात; खडू-फिनेल एकीकडे, टेबल-खुर्ची दुसरीकडे. स्वस्त धान्य दुकानातील शिल्लक पूर्वी फळ्यावर खडूने लिहिली जाई. आता ती यंत्रावरही उमटते. तात्पर्य, मालसाठ्याची नोंद ही येथे जमलेल्यांपैकी कोणालाही नवी बाब नाही. महिलांच्या बचत गटांनी आपला माल ऑनलाइन विकावयाचा, आणि त्यासाठी संगणकप्रणालीत वस्तूंची यादी व साठा भरावयाचा, असे म्हटले की मात्र हीच मंडळी काहीशी बिचकतात आणि ते काम तालुक्याच्या गावातील एखाद्या संगणक जाणणाऱ्या तरुणावर सोपवून मोकळी होतात. अडचणींचा उगम बहुधा येथेच होतो.

जुन्या वहीतील शिल्लक कपाटात राही. ती चुकलीच, तर तपासणीच्या वेळी आक्षेप निघे, खुलासा दिला जाई, वसुलीही होई. परंतु सगळे घरातल्या घरात. ऑनलाइन दुकानातील शिल्लक नागपूरचा किंवा ठाण्याचा अनोळखी ग्राहक वाचतो आणि तिच्यावर विसंबून पैसे भरतो. पडद्यावर ‘४० बाटल्या उपलब्ध’ असे दिसते, तो गटाने त्या ग्राहकाला दिलेला शब्द असतो. फळीवर प्रत्यक्षात ३१ बाटल्या असतील, तर नऊ ग्राहकांना दिलेला शब्द मोडतो. त्यांना पैसे परत मिळतात हे खरे. पण पुन्हा त्या गटाकडे ते वळतीलच असे नाही, आणि ज्या बाजारपेठेच्या संकेतस्थळावरून माल विकला जातो तेथे रद्द झालेल्या मागण्यांची नोंद विक्रेत्याच्या नावावर राहते. सहा-सात वर्षे खपून बारा बायकांनी मिळवलेला लौकिक एका रिकाम्या फळीमुळे जातो. म्हणून हा विषय केवळ संगणक जाणणाऱ्यांवर सोडून देण्यासारखा नाही.

महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना २४ फेब्रुवारी १९७५ रोजी, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात झाली. राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियान २०११ साली सुरू झाले. राज्यात ते ‘उमेद’ या नावाने घरोघर परिचित झाले आहे. शासकीय खरेदीसाठी ‘जेम’ ही ऑनलाइन बाजारपेठ ऑगस्ट २०१६ मध्ये उघडण्यात आली. १ ऑक्टोबर २०२३ पासून वस्तू व सेवा कराच्या नोंदणीमर्यादेखालील लहान विक्रेत्यांनाही, काही अटींवर व आपल्याच राज्यापुरती, ऑनलाइन बाजारपेठांतून वस्तूंची विक्री करण्याची मुभा मिळाली. त्यापूर्वी अशा विक्रीसाठी उलाढाल कितीही लहान असली तरी कर-नोंदणी आवश्यक असे. दरवाजे असे एकामागून एक उघडत गेले आहेत. आत शिरताना हातात काय असावे, हा आजचा विषय.

एक वस्तू म्हणजे कोणती?

उदाहरणादाखल सिंधुदुर्गातील एखादा गट डोळ्यांसमोर आणावा. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे पिकतात. पावसाची पहिली सर येण्याआधी ते उतरवून, फोडून, त्यांची आमसुले, आगळ आणि सरबत करून ठेवावे लागते. बियांपासून कोकमतेल निघते. जोडीला काजू असतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. माल उत्तम, मागणीही आहे. आता तो प्रणालीत भरावयाचा आहे.

पहिलाच प्रश्न नावाचा येतो. घाटावरचा ग्राहक ज्याला ‘आमसूल’ म्हणतो, त्याला कोकणात ‘सोलं’ म्हणतात. दुकानदार ‘कोकम’ म्हणतो. आणि ‘कोकम’ म्हणून मागवणाऱ्या मुंबईकराला कित्येकदा सरबताची बाटली हवी असते. एका वस्तूला तीन नावे, आणि एका नावाखाली तीन वस्तू! तोंडी व्यवहारात याने काही बिघडत नाही, कारण समोरचा माणूस बोट दाखवू शकतो. प्रणालीला बोट कळत नाही. एका सभासदाने ‘कोकम २०० ग्रॅम’ म्हणून आणि दुसरीने ‘आमसूल पाकीट’ म्हणून तीच वस्तू दोनदा भरली, तर प्रणाली त्या दोन निराळ्या वस्तू समजते, एकीची विक्री दुसरीच्या साठ्यातून वजा होत नाही, आणि बेरीज कधीच जुळत नाही.

यासाठी प्रत्येक वस्तूला एक संकेतांक दिला जातो. व्यापारी भाषेत त्याला ‘एसकेयू’ म्हणतात. नाव ग्राहकासाठी, संकेतांक नोंदीसाठी, असा हा भेद आहे. नाव पुढे बदलता येते, त्यात ‘सोलं’ हा शब्दही घालता येतो. संकेतांक बदलू नये. संकेतांकात किंमत किंवा साल गुंफण्याचा मोह अनेकांना होतो. किंमत वर्षभरात बदलते आणि मग संकेतांक खोटे बोलू लागतो. ‘कोस-७५०’ म्हणजे कोकम सरबत, ७५० मिलिलिटर. एवढा अर्थ पुष्कळ झाला. बंद केलेल्या वस्तूचा संकेतांक नव्या वस्तूला देणे, हे निवर्तलेल्या खातेदाराच्या खात्यात दुसऱ्याचे नाव घालण्याइतकेच घोटाळ्याचे आहे. दप्तर सांभाळणाऱ्यांना यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही.

वेष्टनावरील काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बारकोड याहून निराळा. संकेतांक गटाचा स्वतःचा असतो. बारकोडखालील क्रमांक जागतिक पद्धतीनुसार दिला जातो. अमेरिकेतील ओहायो राज्यात, ट्रॉय या गावच्या दुकानात, २६ जून १९७४ रोजी च्युइंग गमचे एक पाकीट या पट्ट्यांच्या आधारे प्रथम विकले गेले. भारतातील संस्थेकडून मिळणाऱ्या क्रमांकांचा आरंभ ८९० ने होतो. यावरून वस्तू भारतात तयार झाली असा अर्थ अनेकजण काढतात, तो बरोबर नाही. क्रमांक भारतात दिला गेला एवढेच त्यातून कळते. लहान गटाला आरंभीच बारकोडच्या खर्चात पडण्याचे कारण नाही. स्वतःचा संकेतांक मात्र पहिल्या दिवसापासून हवा.

परिमाणाचा प्रश्न

नावानंतर परिमाण. आमसुले सुकवून होतात तेव्हा ती किलोने मोजली जातात, विकली जातात २०० ग्रॅमच्या पाकिटात, आणि तालुक्याच्या प्रदर्शनाला जातात खोक्यांनी. सरबताच्या बारा बाटल्यांचे एक खोके. मग साठा कशात लिहावयाचा? एकीने किलो लिहिले, दुसरीने पाकिटे, तिसरीने खोकी. प्रत्येकीची नोंद आपापल्या जागी खरी आणि एकत्रित नोंद निरर्थक, असा प्रकार होतो.

नियम साधा आहे. ज्या सर्वांत लहान रूपात वस्तू ग्राहकाच्या हाती जाते, ते साठ्याचे परिमाण धरावे. बाटली सुटी विकली जात असेल, तर बाटली. खोके हे बाराचे गुणक म्हणून प्रणालीत नोंदवता येते. मुंबईतील फ्रापे या संस्थेने विकसित केलेली आणि मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळणारी ‘ईआरपीनेक्स्ट’ ही प्रणाली याबाबतीत विलक्षण कडक आहे. एखाद्या वस्तूचा एकदा व्यवहार नोंदला गेला, की तिचे साठ्याचे मूळ परिमाण ती सहजासहजी बदलू देत नाही. नवख्याला हा आडमुठेपणा वाटतो. परंतु किलोमध्ये लिहिलेल्या जुन्या नोंदी उद्या पाकिटे म्हणून वाचल्या गेल्या तर काय होईल, याचा विचार केला म्हणजे प्रणालीचा हट्ट पटतो. यातून एवढेच घ्यावयाचे की परिमाणाचा निर्णय संगणकापुढे बसण्यापूर्वी, सर्व सभासदांच्या बैठकीत, कागदावर झालेला असावा.

एकाच वस्तूची लहान-मोठी रूपे असतात, तेथेही अशीच एक खाच आहे. २०११ साली आलेली, वर्डप्रेसच्या आधारे चालणारी ‘वूकॉमर्स’ ही प्रणाली लहान ऑनलाइन दुकानांत फार प्रचलित आहे. तीत ‘काजू’ ही मूळ वस्तू आणि ‘२५० ग्रॅम’, ‘५०० ग्रॅम’ हे तिचे प्रकार, अशी रचना करता येते. साठा मूळ वस्तूवर लिहिता येतो, किंवा प्रत्येक प्रकारावर स्वतंत्रपणे. मूळ वस्तूवर ४० लिहिले, तर ते ४० दोन्ही प्रकारांत सामाईक धरले जातात. प्रत्यक्षात ५०० ग्रॅमची पाकिटे संपलेली असतात, २५० ग्रॅमची पडून असतात, आणि प्रणाली ५०० ग्रॅमच्या मागण्या खुशाल स्वीकारत राहते. साठा प्रकारागणिक लिहावा. या एका खुणेकडे दुर्लक्ष झाल्याने होणारा मनस्ताप काम वाचवून मिळालेल्या पाच मिनिटांपेक्षा कितीतरी मोठा असतो.

दिवाळीचा भेटसंच ही आणखी एक गंमत. एक सरबताची बाटली, एक आमसुलाचे पाकीट, एक काजूचे पाकीट, वर रंगीत कागद. हा संच स्वतंत्र वस्तू म्हणून भरून त्याचा साठा ५० लिहिला आणि त्यातील बाटल्या मूळ साठ्यातही तशाच राहू दिल्या, तर त्याच ५० बाटल्या दोन ठिकाणी विक्रीस निघतात. त्यावर दोन उपाय आहेत. पन्नास संच खरोखर बांधून ठेवावेत आणि त्यातील वस्तू सुट्या साठ्यातून वजा करून टाकाव्यात. किंवा संचाला स्वतःचा साठा न देता घटक वस्तूंच्या साठ्यावरून तो विकू द्यावा. ईआरपीनेक्स्टमध्ये दुसरी सोय अंगभूत आहे, वूकॉमर्समध्ये त्यासाठी पूरक जोडणी घ्यावी लागते. ज्या गटाकडे फारशी तांत्रिक मदत नाही त्याने पहिला, हाताने बांधून ठेवण्याचा मार्गच पत्करावा. तो जुना आहे, पण डोळ्यांना दिसतो.

पहिली मोजणी

यादी तयार झाल्यावर प्रारंभिक शिल्लक भरावयाची असते. येथे अंदाजाला जागा नाही. मोजणीच्या दिवशी विक्री बंद ठेवावी, एकीने मोजावे, दुसरीने लिहावे, आणि तिसरीने, लिहिलेला आकडा न पाहता, पुन्हा मोजावे. दोन आकडे जुळले तरच तो प्रणालीत जावा. जनगणना, पशुगणना, निवडणूक अशी कामे वर्षानुवर्षे केलेल्या शिक्षकांइतकी या कामाची शिस्त क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल; गावातील शिक्षकाने या एका दिवशी गटाजवळ बसणे ही फार मोठी मदत ठरते.

मोजताना प्रत्येक वस्तूसोबत तिचा घाणा, म्हणजे कोणत्या दिवशीच्या तयारीतील ती आहे, हेही लिहिले पाहिजे. गेल्या मे महिन्यातील आमसूल आणि या मे महिन्यातील आमसूल दिसायला सारखे असले तरी नोंदीत एक नव्हे. आधी मुदत संपणारा माल आधी बाहेर पडावा, असा दंडक खाद्यपदार्थांना लावावा लागतो. ऑनलाइन विकलेला खाद्यपदार्थ ग्राहकाच्या हाती पडेल त्या वेळी त्याची किमान ३० टक्के किंवा ४५ दिवसांची मुदत शिल्लक असावी, असे भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे सांगणे आहे. फळीवर आहे, पण मुदत दहाच दिवस उरली आहे, अशी बाटली ऑनलाइन साठ्यातून आधीच काढलेली बरी. ती गावातच, मुदत सांगून विकता येईल.

वस्तूच्या नोंदीत आणखी काही रकाने कायद्याने ठरवले आहेत. वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विक्रीच्या पानावरही उत्पादकाचे नाव-पत्ता, वस्तूचे सर्वसाधारण नाव, निव्वळ परिमाण, कमाल किरकोळ किंमत ही माहिती दाखवणे बंधनकारक झाले. करासाठी वस्तूचा वर्गीकरण क्रमांक लागतो. सोललेल्या काजूगरांचा तो ०८०१३२ आणि टरफलासहित काजूचा ०८०१३१. एका अंकाचा फरक, पण वस्तू निराळी. भौगोलिक मानांकनाबद्दलही एक दक्षता घ्यावी लागते. १९९९ च्या कायद्यानुसार त्या नावाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असावी लागते. जिल्ह्याला मानांकन मिळाले म्हणून जिल्ह्यातील प्रत्येक बाटलीवर ते छापता येत नाही. वस्तूच्या नावात ते घालण्यापूर्वी नोंदणीचा कागद पाहावा. तो नसेल तर संबंधित अधिकाऱ्यांनी मिळवून देण्याची खटपट करावी.

शिल्लक लिहावयाची की काढावयाची?

वूकॉमर्समध्ये साठा म्हणजे एक चौकट आहे. तीत ४० असतील आणि कोणी ५५ लिहिले, तर ५५ होतात. पंधरा बाटल्या कोठून आल्या, असे ती विचारत नाही. ईआरपीनेक्स्टमध्ये शिल्लक थेट लिहिता येत नाही. आवक, जावक, एका जागेवरून दुसऱ्या जागी स्थलांतर, प्रत्यक्ष मोजणीनंतरचा मेळ, अशा नोंदी करावयाच्या आणि शिल्लक त्यांतून आपोआप निघते. रोकडवही लिहिणाऱ्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला दुसरी पद्धत चटकन उमजेल, कारण रोकडवहीतही अखेरची शिल्लक कोणी मनाने लिहीत नाही. तथापि पहिली प्रणाली सोपी आहे, दुकान थाटणे तीत लवकर होते, आणि म्हणून पुष्कळ गट तीच वापरतात. त्यांनी सोबत एक साधी दोनशे पानी वही ठेवावी आणि चौकटीतील आकडा बदलण्याआधी वहीत कारण लिहावे: ‘प्रदर्शनासाठी दिल्या’, ‘वाहतुकीत फुटल्या’, ‘नमुना म्हणून वाटल्या’. प्रणालीतून मिळत नाही ती शिस्त त्या वहीतून मिळते.

या कारणांमध्ये ‘साहेबांना दिल्या’ हेही एक कारण असते, हे या सभेत सांगितलेच पाहिजे. तालुक्याच्या कचेरीतून दिवाळीआधी दूरध्वनी येतो, ‘दहा संच बाजूला ठेवा’. गटाच्या अध्यक्षा आनंदाने ठेवतात. पैसेही यथावकाश येतात. पण ते दहा संच पडद्यावर विक्रीस तसेच उभे असतात. गटाबद्दलच्या आस्थेनेच झालेली ही मागणी एखाद्या लांबच्या ग्राहकाची मागणी रद्द करवते. दूरध्वनीवरून दिलेली मागणीही प्रणालीत मागणी म्हणूनच नोंदली जावी, एवढा आग्रह खुद्द मागवणाऱ्यानेच धरावा.

मागणी आली आणि पैसे भरले गेले नाहीत, या मधल्या अवस्थेत वस्तू कोणाची? वूकॉमर्स पैसे भरले जाण्याची वाट साधारणपणे ६० मिनिटे पाहते, तोवर वस्तू राखून ठेवते आणि नंतर मागणी रद्द करते. हा काळ कमीजास्त करता येतो. माल पोचल्यावर पैसे देण्याच्या मागणीत साठा लगेच वजा होतो. अशी मागणी ग्राहकाने नाकारली, की ती रद्द करताच साठा पडद्यावर पुन्हा वाढतो. बाटली मात्र अजून डाकेत, परतीच्या प्रवासात असते. ती आठ-दहा दिवसांनी येते, कधी गळकी होऊन येते, कधी येतच नाही. म्हणून परतीच्या मालासाठी ‘तपासणीत’ अशी एक स्वतंत्र जागा नोंदीत असावी आणि बाटली हातात घेऊन, झाकण पाहून, मगच ती विक्रीयोग्य साठ्यात लिहावी. प्रणालीने केलेली आपोआप वाढ तोवर हाताने कमी करून ठेवावी लागते. काम कटकटीचे आहे; त्याला सुटका नाही.

तोच माल गटाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, एखाद्या मोठ्या बाजारपेठेवर आणि महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात, असा तिन्ही ठिकाणी विकावयाचा असेल, तर या ठिकाणांचे साठे आपसांत जोडणाऱ्या प्रणाली मिळतात. त्यांना दर महिना पैसे मोजावे लागतात आणि गावात अखंड इंटरनेट लागते. ही दोन्ही साधने नसतील तर वाटणी करावी: ४० बाटल्यांपैकी १५ येथे, १० तेथे, १० प्रदर्शनाच्या खोक्यात, आणि ५ कोठेच न दाखवता हाताशी. विक्री थोडी कमी होईल. दिलेला शब्द मात्र मोडणार नाही.

सूत्र कोठे लागू पडत नाही

साठा किती उरला म्हणजे प्रणालीने इशारा द्यावा, हेही ठरवावे लागते. वूकॉमर्समध्ये काही न ठरवल्यास हा आकडा २ असतो. पुस्तकी सूत्र असे: दररोजचा खप गुणिले नवा माल येण्यास लागणारे दिवस, अधिक थोडी राखीव शिल्लक. रोज तीन बाटल्या खपतात, माल यायला दहा दिवस लागतात, राखीव दहा. म्हणजे ४० वर इशारा. शहरातील दुकानदाराला हे सूत्र उत्तम.

कोकणातील गटाला ते निम्मेच उपयोगी आहे. फेब्रुवारीत सरबत संपत आल्याचा इशारा मिळाला तरी करावयाचे काय? रातांबे एप्रिल-मेमध्येच पिकणार. तेथे पुन्हा मागवण्याची पातळी नसते, वर्षभराची वाटणी असते. जूनच्या आरंभी ६०० बाटल्या तयार आहेत असे धरू. दिवाळीच्या संचांसाठी १२०, मार्च-एप्रिलच्या उन्हाळी मागणीसाठी २००, फूट-गळतीसाठी २०, अशा ३४० बाजूला काढल्या तर उरतात २६०. जून ते फेब्रुवारी या नऊ महिन्यांत महिन्याला सुमारे २९. म्हणून ६०० चा आकडा एकदम पडद्यावर टाकू नये. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या महिन्याचा वाटा खुला करावा. पावसाळ्यात कोणी एकाच वेळी दोनशे बाटल्या मागवल्या, तर त्या द्याव्यात की उन्हाळ्यातील नेहमीच्या ग्राहकांसाठी राखाव्यात, हा निर्णय गटाच्या बैठकीने घ्यावा. यंत्राने तो नकळत घेऊन टाकू नये.

सूत्राचा खरा उपयोग रिकाम्या बाटल्या, बुचे, लेबले आणि साखर यांना आहे, आणि नेमक्या याच वस्तू बहुतेक याद्यांत नसतात. फळांचा हंगाम ऐन भरात आणि बाटल्या संपलेल्या, असे झाले तर वर्षाचे उत्पन्न बुडते. या वस्तू विक्रीच्या पानावर न दाखवता साठ्यात ठेवता येतात. त्यांना इशाऱ्याची पातळी लावावी. बाटल्या दूरच्या शहरातून येत असतील तर चांगली चढी लावावी.

चावी कोणाकडे?

वस्तूंची यादी, छायाचित्रे, संकेतांक, साठ्याचा इतिहास आणि ग्राहकांचे पत्ते, ही गटाची मालमत्ता आहे. पुष्कळ ठिकाणी दुकान थाटून देणाऱ्या व्यक्तीच्याच ईमेलवर खाते उघडलेले असते, परवलीचा शब्द तिच्याचपाशी असतो, संकेतस्थळाचे नावही तिच्याच नावे नोंदलेले असते. ती व्यक्ती अप्रामाणिक असेलच असे नाही. तिला शहरात नोकरी लागते, दूरध्वनी क्रमांक बदलतो, आणि गटाचे दुकान बाहेरून उघडे व आतून बंद अशा अवस्थेत राहते. मागण्या येत राहतात, साठा कोणाला बदलता येत नाही.

यासाठी खाते गटाच्या नावाने काढलेल्या ईमेलवर असावे. परवलीचा शब्द दोन पदाधिकाऱ्यांना ठाऊक असावा आणि पदाधिकारी बदलल्यावर बँकेतील सह्यांप्रमाणे तोही बदलावा. मागण्या पाहणारी सभासद आणि साठ्याचा आकडा बदलू शकणारी सभासद यांना निरनिराळे अधिकार देण्याची सोय या प्रणालींमध्ये असते. तिचा वापर व्हावा. दर महिन्याला संपूर्ण यादी तक्त्याच्या स्वरूपात उतरवून घेता येते. ती एका पेनड्राइव्हवर ठेवावी आणि एक प्रत छापून फाइलला लावावी. उद्या प्रणाली बदलावी लागली तरी हाच तक्ता नव्या प्रणालीत चढवता येतो आणि पहिल्यापासून टंकन करावे लागत नाही.

दुकान थाटून देणाऱ्यास अनुदानातून रक्कम अदा करण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी पानाची सजावट पाहतानाच तीन गोष्टी पाहाव्यात. खाते कोणाच्या नावे आहे. यादीतील कोणत्याही पाच वस्तू फळीवर मोजल्या तर पडद्याशी जुळतात काय. आणि गटातील कोणी सभासद, थाटून देणाऱ्याची मदत न घेता, एक आवक आणि एक जावक नोंदवून दाखवू शकते काय. तिसऱ्या गोष्टीत अडखळल्यास बिल थांबवून आधी शिकवण्याचे दिवस वाढवून घ्यावेत.

मोजणी एकदा करून भागत नाही. सगळा माल दर आठवड्याला मोजणेही कोणाला शक्य होणार नाही. जास्त खपणाऱ्या चार-पाच वस्तू दर सोमवारी, बाकीच्या महिन्यातून एकदा, आणि सर्व साठा ३१ मार्चला व हंगाम संपल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात, असा क्रम लावला तर तो झेपतो. तफावत आढळली तर आकडा गुपचूप दुरुस्त न करता किती, कोणत्या वस्तूत आणि का, ते वहीत लिहून दोन सभासदांच्या सह्या घ्याव्यात. पहिल्या काही महिन्यांत तफावत निघेलच. ती निघाली म्हणून कोणावर संशय घेण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा ती न लिहिलेल्या नमुन्यांची, घरी नेलेल्या एखाद्या पाकिटाची किंवा दोनदा टंकलेल्या आवकेची असते. पंचायत सदस्यांनी मासिक बैठकीला जाताना ती वही मागून पाहावी आणि तिच्यातील शेवटच्या मोजणीची तारीख आधी वाचावी.